पाल्यातला चुना, शेंगेतलं स्फुरद

वैशाखातली दुपार होती. म्हसवडजवळच्या एका माळावर मेंढरं बाभळीच्या सावलीला एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. एक म्हातारी मेंढी तेवढी कळपापासून बाजूला, मान वाकडी करून काहीतरी चघळत होती. जवळ जाऊन पाहिलं तर हाड. कधीतरी मेलेल्या कुठल्याशा जनावराचं, उन्हानं पांढरंफटक पडलेलं. दाढेखाली धरायची, लाळ गाळायची, फिरवून पुन्हा दाढेखाली घ्यायची. मी ते काढून घ्यायला निघालो तर कळपाचे धनगर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हे घेतलं तर दुसरं हुडकंल. मेंढी हाडूक चघळाय लागली की समजायचं, माळात दम ऱ्हायला न्हाई."

त्या दिवशी मी ते हाड तसंच राहू दिलं. आज राहू देणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच. पण आण्णांच्या बोलण्यातला 'दम' मनात राहिला. माळ काही ओसाड नव्हता. गवत करपलं होतं हे खरं, पण बाभूळ हिरवी होती, हिवराला पाला होता, बांधाच्या कडेनं हेंकळीची जाळी होती. मेंढ्यांची पोटंही खपाटीला गेलेली नव्हती. मग कमी काय होतं?

आपण शेतकरी माणसं खताच्या दुकानात नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द रोज वापरतो. त्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी होतं. पिकाला ते लागतं हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच जमिनीवर उगवलेली बाभूळ खाऊन जगणाऱ्या शेळीलाही ते लागतं, आणि ते तिला कुठल्या झाडाच्या कुठल्या भागातून मिळतं, हा हिशोब आपण फारसा करत नाही.

थोडं मुळापासून घेऊ. पाला वाळवून जाळला की जी राख उरते, ती म्हणजे ढोबळमानानं त्यातली खनिजं. कॅल्शियम म्हणजे चुना, फॉस्फरस म्हणजे स्फुरद, शिवाय मॅग्नेशियम, पालाश आणि मिठातला सोडियम ही जनावराला रोज ग्रॅमच्या मापात लागतात. तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन ही मिलिग्रॅमच्या किंवा त्याहूनही बारीक मापात. प्रथिनं जनावराच्या पोटातले जिवाणू काही प्रमाणात बनवू शकतात. खनिज मात्र कोणी बनवू शकत नाही. ते मातीतून झाडात आणि झाडातून तोंडातच यावं लागतं.

आपला दख्खनचा माळ बेसाल्ट खडकाचा. हा खडक झिजून झालेल्या मातीत चुना भरपूर असतो; विहीर खणताना मुरमात पांढरे खडे लागतात ती चुनखडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. गवताची मुळं वरच्या वीतभर-हातभर मातीत फिरतात. बोराटी, बाभूळ, हिवर, खैर ही मंडळी मुरूम फोडून खोल जातात आणि खालच्या ओलीबरोबर तिथला चुनाही वर खेचतात. म्हणून मार्गशीर्षापासून गवताचा जीव गेला तरी झुडपं तग धरून असतात, आणि म्हणून त्यांच्या पाल्यात चुना इतका असतो. वाळलेल्या गवतात कॅल्शियम साधारण तीन-चार दशांश टक्के. बोर, बाभूळ, शमी यांच्या जून पाल्यात तेच दीड-दोन टक्के, कधी त्याहून जास्त. स्फुरदाचं चित्र उलटं आहे. वाळलेल्या कुसळी गवतात ते पाच-आठ शतांश टक्के इतकं घसरतं, आणि जून पाल्यातही बहुतेक वेळा एक-दोन दशांश टक्क्यांच्या मध्येच कुठेतरी असतं.

हे असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पानात दोन वाटा असतात. एक मुळाकडून पाणी वर आणणारी, दुसरी पानात तयार झालेलं अन्न बाकीच्या झाडाकडे नेणारी. कॅल्शियम पहिल्या वाटेनं पानात येतं, पण दुसऱ्या वाटेनं त्याला जवळजवळ जाताच येत नाही. पाणी उडून जातं, चुना पानात साचत राहतो. माठाच्या बुडाशी क्षार साचतात तसा. पान जितकं जून, तितका चुना जास्त. स्फुरद मात्र दोन्ही वाटांनी फिरतं. कोवळ्या पानात, कोंबात, फुलात, शेंगेत, जिथं वाढ चाललेली असते तिथं झाड ते नेऊन पोचवतं. पान म्हातारं झालं की गळण्याआधी त्यातलं बरंचसं स्फुरद काढूनही घेतं. गवताचंही तेच. कुसळं पिकली की स्फुरद बियांत आणि मुळांत गेलेलं असतं, आणि आपण जनावराला उरलेल्या काड्या चारत असतो.

शेळी चरताना जरा वेळ बघत बसा, मग ही गोष्ट डोळ्यांना दिसते. बोराटीला लागलेली शेळी काट्यांमधून ओठ घालते आणि शेंड्याची कोवळी दोन-चार पानं तेवढी खुडते. खालची जून पानं हाताशी असतात, पण ती सोडून ती पुढच्या फांदीकडे, मग पुढच्या झुडपाकडे जाते. वरचा शेंडा पुरत नसेल तर मागच्या दोन पायांवर उभी राहते. लोक म्हणतात शेळी नासधूस करते, एका जागी खात नाही. मला तिच्या त्या खाण्यात शहाणपण दिसतं. कोवळ्या शेंड्यात स्फुरद जास्त, प्रथिनं जास्त आणि चोथा कमी असतो. चैत्रपालवी फुटते तेव्हा पिंपळ, अंजन यांची ती तांबूस पोपटी पानं जनावरं अधाशासारखी खातात. वर्षातल्या सगळ्यात कठीण महिन्यांत झाड स्वतःसाठी राखून ठेवलेलं स्फुरद शेंड्यात आणतं, आणि जनावराला ते नेमकं कळतं.

आता एक हिशोब मांडू. तीस किलोची, पाजणारी मेंढी. दिवसाला किलोभर कोरडा चारा खाते असं धरू. तिला कॅल्शियम साधारण पाच ग्रॅम लागेल, स्फुरद अडीच-तीन ग्रॅम. ती नुसता जून पाला खाते असं समजा, दोन टक्के कॅल्शियम आणि दीड दशांश टक्का स्फुरद असलेला. पोटात कॅल्शियम गेलं वीस ग्रॅम, म्हणजे गरजेच्या चौपट. स्फुरद गेलं दीड ग्रॅम, म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मं. नुसत्या वाळलेल्या गवतावर असती तर अर्धा-पाऊण ग्रॅमच मिळालं असतं. त्या मानानं पाल्यानं तिला सावरलंच. तरी तूट आहे. दूध तर पिलाला द्यायचंच असतं, तेव्हा ही तूट ती स्वतःच्या हाडांतून भरून काढते. हाडातून स्फुरद निघतं तेव्हा त्याच्या जोडीनं चुनाही निघतो. बाहेरून पोटात चुना ओसंडतोय आणि आतून हाडं पोकळ होतायत, अशी ती स्थिती.

रवंथ करणाऱ्या जनावराला इथं एक सोय आहे. त्याच्या लाळेत स्फुरद असतं, आणि रवंथ करताना ते पुन्हापुन्हा पोटात जाऊन वापरलं जातं. म्हणूनच तूट लगेच दिसत नाही. महिनोन्महिने चालते आणि मग एकेक खूण उमटते. लोकर रुक्ष होते, चाल अवघडते, मेंढी वेळेवर माजावर येत नाही, कोकरू वाढत नाही. जनावर माती, चिंध्या, दोरखंड, भिंतीचा पोपडा काहीही चाटू लागतं. आणि हाड चघळतं.

या हाड चघळण्याचा उलगडा दक्षिण आफ्रिकेत झाला, आणि ती हकीकत माझ्या फार आवडीची आहे. तिथल्या कोरड्या गवताळ पठारांवर गुरं अचानक लुळी पडून मरत. बोअर शेतकरी त्याला 'लामसीक्टे', म्हणजे लुळेपणाचा रोग, म्हणत. कोणी विषारी वनस्पतीवर संशय घेई, कोणी जंतूवर. अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यानं १९१९ च्या सुमारास फ्रायबर्गजवळच्या आर्मूड्सफ्लाक्टे नावाच्या फार्मवर ठाण मांडून दाखवून दिलं की गोष्ट दुहेरी आहे. तिथल्या मातीत आणि म्हणून चाऱ्यात स्फुरद कमी. त्यामुळे गुरं माळावर पडलेली हाडं खातात. त्या कुजक्या हाडांवर, सडक्या मांसावर एक जिवाणू वाढलेला असतो, आणि त्याचं विष गुरांना लुळं करतं. हेच ते बॉट्युलिझम. गुरांना अस्थिचूर्ण चारलं तेव्हा त्यांची हाडांची ओढ सुटली, वजनं वाढली आणि लुळं पडणं थांबलं. खनिज कमी पडलं की जनावर जे करू लागतं त्यानंच मरू शकतं, हे तिथं पहिल्यांदा इतकं स्पष्ट झालं. म्हणून आता माळावर हाड दिसलं की मी उचलून खड्ड्यात पुरतो. आज मात्र अस्थिचूर्ण चारण्याच्या भानगडीत पडू नये. रोगाचा धोका असतो, आणि त्याची गरजही उरलेली नाही.

अजून एक गाठ सोडवायची राहिली. पाल्यात जे खनिज आहे, ते सगळं अंगी लागत नाही. कच्च्या अळूनं घसा खाजतो तो कशामुळे? त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. अनेक झाडं साचलेला चुना असाच ऑक्झलेटच्या खड्यांत बांधून पानात ठेवतात. पोटातल्या जिवाणूंना त्यातला काही भाग सोडवता येतो, बाकीचा वाळूसारखा लेंडीतून बाहेर जातो. झुडपांच्या पाल्यात चुना इतका मुबलक असतो की यानं फार बिघडत नाही. उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याची, गोष्ट वेगळी. त्यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि चुना कमीच, त्यामुळे नुसत्या वाढ्यांवर राहिलेल्या जनावराच्या अंगातलाच चुना ओढला जातो. हंगामात कळप उसाच्या पट्ट्यात उतरतात तेव्हा वाढ्यांच्या जोडीला बाभळीचा नाहीतर बोरीचा डहाळा द्यावा. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

दुसरं कुलूप टॅनिनचं, तुरटपणाचं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळाकुट्ट होतो ना, ते टॅनिन आणि लोखंड एकमेकांना चिकटल्यामुळे. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे, तीही याच गुणावर. बाभळीच्या पाल्यातलं टॅनिन शेळीच्या पोटात असंच प्रथिनांना आणि लोह, जस्त यांसारख्या धातूंना धरून बसतं. शेळीच्या लाळेत टॅनिनला अडकवून टाकणारी प्रथिनं असतात, म्हणून तुरट पाला तिला गायीपेक्षा कितीतरी बरा पचतो. थोडं टॅनिन तर फायद्याचंच. पोटातल्या जंतांना ते आवर घालतं. पण एकाच झाडाचा पाला दिवसेंदिवस दिला की ते बाधतं. दावणीला बांधलेल्या शेळीपुढे रोज बाभळीचाच डहाळा टाकणारी माणसं मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. मोकळी असती तर तिनं बोरीचा, आपट्याचा, खैराचा, वेलाचा असा दहा ठिकाणचा घास गोळा केला असता. कापून घालायचं तर निदान तीन-चार झाडांचं मिसळून घालावं, आणि शेंड्याकडच्या फांद्या आधी घ्याव्यात.

आता स्फुरद आणायचं कुठून? पहिलं उत्तर त्याच बाभळीवर लटकलेलं असतं. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पिकतात, त्यांच्यामागून हिवराच्या. झाडानं पानांतून काढलेलं स्फुरद शेंगेतल्या बियांत भरून ठेवलेलं असतं. फांदी आकडीनं हलवली की शेंगांचा सडा पडतो आणि कळप अंगावर धावून येतो. पण इथं एक मेख आहे. बाभळीचं बी टणक असतं. शेळ्यामेंढ्या शेंगेचा गर पचवतात आणि बी एकतर रवंथ करताना बाहेर टाकतात किंवा ते लेंडीतून जसंच्या तसं जातं. सकाळी मेंढरांचा वाडा झाडताना त्या चकचकीत काळपट बिया ओंजळभर सापडतात. रोपं करणारे लोक त्या मुद्दाम गोळा करतात, कारण पोटातून आलेलं बी चटकन उगवतं. झाडाच्या दृष्टीनं हे उत्तमच झालं, पण मेंढीच्या वाट्याचं स्फुरद त्या बीबरोबर निघून गेलं. म्हणून शेंगा वाळवून, कुटून किंवा गिरणीतून भरडून दोन मुठी द्याव्यात. हे काम थोडं कष्टाचं आहे, पण शेंगा फुकट आहेत.

दुसरं उत्तर गव्हाच्या कोंड्यात आहे. पाल्यात जे नाही ते कोंड्यात आहे, आणि कोंड्यात जे नाही ते पाल्यात. शंभर ग्रॅम कोंड्यात साधारण एक ग्रॅम स्फुरद, आणि चुना नावाला. कोंबडीला ते स्फुरद नीट सोडवता येत नाही, पण शेळीमेंढीच्या पोटातले जिवाणू सोडवतात. पाजणाऱ्या मेंढीला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम कोंडा मिळाला तरी वरच्या हिशोबातली बरीचशी तूट भरते. सरकी पेंडही चांगली. उलट बाजूही सांगून ठेवतो. बकरी ईदसाठी दावणीला बांधून नुसत्या कोंड्यावर आणि मक्यावर पोसलेल्या बोकडांना मूतखडा होतो, लघवी अडते आणि चांगला तयार झालेला बोकड हातचा जातो. तिथं स्फुरद जास्त आणि चुना कमी झालेला असतो. त्या बोकडापुढे रोज बोरीचा डहाळा बांधावा.

तिसरं उत्तर मीठ आणि डीसीपी. डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी पांढरी भुकटी. तिच्यात साधारण अठरा टक्के स्फुरद असतं. खाण्याचंच मागावं. खताच्या दुकानातलं फॉस्फेट जनावराला कधीही घालू नये, त्यात फ्लोरिन असतं आणि त्यानं दात-हाडं जातात. डीसीपी आणि साधं मीठ निम्मं-निम्मं मिसळून लाकडी परातीत ठेवलं की जनावर मिठाच्या ओढीनं चाटतं, आणि मिठामुळेच फार खातही नाही. मिठाची ओढ खरीच असते. आपल्या झाडपाल्यात सोडियम फार थोडं आणि पालाश भरपूर, आणि त्या मानानं मेंढीची गरज मोठी. आण्णा आठवड्यातून एकदा सपाट दगडांवर जाडं मीठ टाकतात. अख्खा कळप त्या दगडांवर जिभा घासतो, तो आवाज ऐकत राहावासा वाटतो. मीठ ठेवलं की पाणी जवळ हवं, एवढंच लक्षात ठेवावं.

खनिज मिश्रणाच्या पिशवीबद्दल मात्र कळकळीनं सांगायचं आहे. आमच्या भावकीतल्या एका घरी गायींसाठी आणलेलं मिश्रण मेंढ्यांनाही सुरू केलं. चांगलंच करायचं मनात होतं. दोन-अडीच महिने काही झालं नाही, उलट मेंढ्या बऱ्या दिसायला लागल्या. मग चार दिवसांत चार मेंढ्या गेल्या. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी एक उघडून पाहिली तर मूत्रपिंडं बंदुकीच्या नळीच्या रंगाची झालेली. तांब्याची विषबाधा. गायीला लागतं त्या मानानं मेंढीला तांबं फार थोडं लागतं आणि जास्तीचं तिला बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस बांध फुटल्यासारखं सगळं रक्तात उतरतं. शेळी यापेक्षा बरंच सोसते. म्हणून पिशवीवर 'मेंढी' असं लिहिलेलं नसेल तर ते मिश्रण मेंढीला देऊ नका. शिवाय गोठ्यासाठीच्या मिश्रणात स्फुरदापेक्षा चुनाच जास्त असतो, आणि पाल्यावरच्या जनावराला तो विकत घेण्याची गरज नाही.

बाकीच्या बारीक खनिजांचं थोडक्यात. जस्त आपल्या चुनखडीच्या जमिनीतून झाडाला नीट उचलता येत नाही, त्यामुळे खुरांचे आणि कातडीचे आजार रेंगाळतात. कोबाल्टमधून पोटातले जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व बनवतात; १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियात किनारपट्टीवर झुरून मरणाऱ्या मेंढ्या नुसत्या चिमूटभर कोबाल्टनं उठून उभ्या राहिल्या होत्या. सुबाभूळ आपली देशी नव्हे, पण सगळीकडे लावलेली आहे. तिच्या पाल्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात आणि गळ्याची ग्रंथी सुजते, म्हणून ती इतर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये.

या सगळ्यात एक गोष्ट मला सारखी टोचते. मेंढरं दिवसभर माळावर चरतात आणि रात्री शेतात बसतात. मेंढरं बसवण्यासाठी शेतकरी धनगराला धान्य देतो, पैसे देतो, आणि तो व्यवहार शेकडो वर्षं चालत आलेला आहे. पाल्यावरच्या जनावराच्या अंगी न लागलेलं स्फुरद मुख्यतः लेंडीतून पडतं. म्हणजे माळाच्या झुडपांनी खोल मुरमातून गोळा केलेलं स्फुरद रोज रात्री कोणाच्या तरी ज्वारीच्या रानात जातं आणि माळावर परत काहीच येत नाही. वर्षानुवर्षं हे चाललं की माळावर काय उरतं, तर जनावरं ज्याला तोंड लावत नाहीत ते तरवड आणि घाणेरी. लोक दोष चरण्याला देतात. चराई जास्त होते हेही खरंच, पण माळातून काय बाहेर जातं याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

आण्णांनी त्यांच्या माळावर एक जागा दाखवली होती, त्यांच्या वडिलांचा वाडा जिथं पावसाळाभर असायचा ती. वाडा मोडून चाळीस वर्षं झाली असतील. चारी बाजूंना कुसळी आणि तरवड, आणि त्या गोल तुकड्यात पवन्या आणि मारवेल ही कसदार गवतं, मधोमध दोन डेरेदार बोरी. मृगाचा पाऊस झाला की मेंढरं कोणी न हाकलता आधी तिथं धावतात.